टॅमरॅकच्या मांजरांचा अनन्य परवाना

सरकारच्या मालकीची वस्तू कुणीच वापरली नाही तर ती वाया जाते, आणि सगळेच वापरू लागले तर ती आणखी वाया जाते. या दोन अनर्थांच्या मधल्या अरुंद जागेत आमचे कार्यालय आहे. मी मर्ल डॅगेट, तिथला परवाना अधिकारी. सरकारी प्रयोगशाळांत लागलेल्या शोधांची पेटंटे सरकारच्या नावावर असतात. ती एखाद्या लायक खाजगी कंपनीच्या हाती सोपवायची आणि कंपनीमार्फत जनतेपर्यंत पोचवायची, हे माझे काम. जनतेच्याच पैशातून लागलेला शोध जनतेला थेट का देत नाही, असे विचारणारे लोक मला दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला भेटतात. ते बहुधा माझ्या बायकोचे भाऊ असतात. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असे ते टर्की चावता चावता मला ऐकवतात. मी त्यांना शांतपणे सांगतो, की आमच्याकडे तसा अंदाधुंद कारभार नाही. आमच्याकडे कुत्र्याशी रीतसर करार केलेला असतो.

टॅमरॅक गावच्या प्रकरणात मात्र माझ्याविषयी बरेच गैरसमज पसरले आहेत. ते दूर करणे भाग आहे, म्हणून हे लिहितो.

लष्कराच्या एका शीतप्रदेश प्रयोगशाळेने, बर्फावर रेडिओची तिपाई घट्ट उभी राहावी म्हणून, एक पोलादी बूट तयार केला होता. थंडी गोठणबिंदूखाली गेली की त्याच्या तळाची पट्टी वाकते आणि आतले दात बाहेर येतात. घरात, उबेला आणला की दात आपोआप आत जातात, त्यामुळे फरशीवर ओरखडा उठत नाही. बूट तयार झाला तोवर लष्कराने तिपाया वापरणे सोडून दिले होते. मग कुणाच्या तरी डोक्यात आले, की हाच बूट म्हाताऱ्या माणसांच्या काठीला बसवून पाहावा. पेटंटात या वस्तूचे नाव 'शीतसंवेदी स्वयंक्रिय आधारपाद' असे आहे. चाचणीसाठी मिशिगनच्या उत्तर टोकाचे, लेक सुपीरियरच्या काठावरचे टॅमरॅक हे गाव निवडण्यात आले, कारण तिथे हिवाळा नोव्हेंबरात येतो आणि मे महिन्यात हाकलून द्यावा लागतो. गावातल्या म्हाताऱ्यांना आधारपाद वाटले गेले. गावाने त्याचे नाव 'मांजर' ठेवले, कारण ते वेळ येताच नखे काढते. "मांजर लावलं का काठीला?" असे लोक एकमेकांना दारातून विचारू लागले. सरकारी मालमत्तेला असे घरगुती नाव देणे मला तेव्हाच पटले नव्हते.

या गावात आयली कोस्किला नावाच्या एक बाई राहतात. वय त्र्याऐंशी. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यांचे पती रेइनो हे पक्षाघातानंतर टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या शुश्रूषागृहात असतात. घरापासून अंतर दोन गल्ल्यांचे, पण उताराचे. रेइनो दुपारी तीन वाजता खिडकीशी बसतात आणि बायकोच्या हातून, तिने भाजलेला वेलचीचा पाव कॉफीत बुडवून खातात. दुसऱ्या कुणाच्या हातून ते धड जेवत नाहीत. पूर्वी रस्त्यावर बर्फाची काच धरली की आयलीबाईंचे जाणे बंद व्हायचे, ते थेट वसंतापर्यंत. मोटार चालवणे त्यांनी नजर अधू झाल्यावर सोडले होते. शेजाऱ्यांना सांगितले असते तर कुणीही सोडून आले असते. पण हे फिनलंडहून खाणीत कामाला आलेल्यांच्या नातवंडांचे गाव. तिथे घसरून पडणे ही दुर्दैवाची गोष्ट असते आणि कुणाकडे काही मागणे ही लाजेची. मांजर आल्यापासून दोन हिवाळे त्या रोज खाली जात होत्या.

हे सगळे मला पुढे कळले. कार्यालयात आमच्यापर्यंत फक्त 'चाचणी समाधानकारक' एवढे दोन शब्द पोचले होते, आणि समाधानकारक वस्तू मोकळी पडून राहणे आमच्या नियमांत बसत नाही.

परवान्यासाठी अर्ज केला तो नॉर्थस्टेड मोबिलिटी या कंपनीने. जिन्यावरून माणसाला खुर्चीसकट वर नेणारी यंत्रे, न्हाणीघरातले कठडे, असा त्यांचा घरातल्या घरातला व्यवसाय. त्यांच्या प्रतिनिधी ब्रिन्ली स्ट्राउड मला भेटायला आल्या. फार हुशार मुलगी. कंपनीला हवा होता अनन्य परवाना, म्हणजे ही वस्तू देशात दुसऱ्या कुणीही बनवायची नाही, विकायची नाही, वापरायची नाही.

"बाजार कितपत आहे?" मी विचारले.

"अजिबात नाही, सर. आमचा सर्व्हे आहे. हिवाळ्यात म्हातारी माणसं घराबाहेर पडतच नाहीत."

"का पडत नाहीत?"

"घसरतात ना!"

"पण या आधारपादामुळे ती घसरणार नाहीत."

"सर, घसरायला आधी बाहेर तर यायला पाहिजेत. ती येत नाहीत. म्हणजे मागणी शून्य."

"मग तुम्हाला परवाना कशाला हवाय?"

"तेच तर सांगतेय," त्या पुढे सरकून बसल्या. "ज्या वस्तूला मागणीच नाही, तिच्यात कोण पैसे घालेल? त्यातून ती दुसऱ्यालाही विकता येणार असेल तर? म्हणून अनन्य पाहिजे."

कायदा सांगतो, की पैसे गुंतवायला कंपनीला आवश्यक ते प्रोत्साहन म्हणूनच अनन्य परवाना द्यावा. मागणी जितकी कमी तितकी प्रोत्साहनाची गरज जास्त, आणि इथे तर मागणी मुळीच नव्हती. इतके निर्दोष प्रकरण माझ्या टेबलावर पूर्वी कधी आले नव्हते.

नियमाप्रमाणे आम्ही सरकारी राजपत्रात सूचना छापली: अमुक पेटंटाचा अनन्य परवाना अमुक कंपनीस देण्याचा सरकारचा मानस आहे, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. सूचनेच्या वर मधमाश्यांच्या सल्लागार समितीच्या बैठकीची वेळ होती आणि खाली लुइझियानातला एक पूल बोटींसाठी कधी उचलायचा याचे वेळापत्रक. हे राजपत्र देशातल्या प्रत्येक नागरिकाला फुकट वाचता येते. ते नियमित वाचणारे दोन नागरिक माझ्या माहितीचे आहेत, आणि त्यातला एक मी.

दुसरा टॅमरॅकचा निघेल असे वाटले नव्हते. वाइनो लेहतो हा तिथला गॅरेजवाला तळ्यातल्या माशांचे नियम बदलतात का, हे पाहण्यासाठी रोज राजपत्र चाळतो. पेटंट कायद्याने जगजाहीर करावे लागते, म्हणजे सगळ्यांना ते वाचता यावे आणि कुणालाही वापरता येऊ नये. वाइनोने पहिला भाग नीट पाळला आणि दुसरा अजिबात पाळला नाही. पेटंटातल्या आकृत्या पाहून तो मोडक्या स्नोमोबाइलच्या पट्ट्यांतून मांजरे घडवत होता आणि ज्यांना चाचणीत मिळाली नव्हती त्यांना फुकट वाटत होता. त्याने सूचना वाचली आणि आयलीबाईंना जाऊन सांगितले. मग गावातल्या एकूणएक काठीधारकांनी हरकती पाठवल्या. आयलीबाईंची हरकत अशी होती:

'माननीय महोदय, तुम्ही सगळा विचार केलेलाच असणार. आमचे इथे ठीक चालले आहे. मांजरे वाईट नाहीत. ती अशीच राहिली तर आम्हाला वाईट वाटणार नाही. तुम्हाला मात्र आमच्यामुळे त्रास नको.'

बाकीची पत्रे याहून मवाळ होती. एका गृहस्थांनी शेवटी आमच्याकडच्या हवेची चौकशी केली होती. आमच्या कारकुनाने पत्रे 'समाधान व्यक्त करणारी' या सदरात लावली आणि मी सही केली. आजवर आमच्या कार्यालयाविषयी एवढे समाधान एकगठ्ठा कुणी व्यक्त केले नव्हते. खरे सांगायचे तर मला भरून आले.

चार दिवसांनी वाइनोचा फोन आला.

"साहेब, त्या हरकती होत्या."

"कुठल्या?"

"सगळ्याच."

"अहो, बाईंनी तर 'मांजरे वाईट नाहीत' असं लिहिलंय."

"मग? आणखी काय लिहायचं? आयलीनं लग्नात नवऱ्याबद्दलसुद्धा एवढंच म्हटलं होतं."

"आणि 'वाईट वाटणार नाही' हे?"

वाइनोने घसा खाकरला. "साहेब, आमच्याकडे शेजाऱ्यानं शेजाऱ्याला असं लिहिलं ना, तर मिटवायला पाद्रीबुवांना बोलवावं लागतं."

मी त्याला समजावून सांगितले, की कार्यालय शब्दांवर चालते, स्वभावावर नाही. पण मी अडवणूक करणारा अधिकारी नाही. मुदत संपायला अजून अवकाश होता, म्हणून मार्गदर्शनही केले. नुसती नाराजी ही हरकत म्हणून फार टिकत नाही. सर्वांत सबळ हरकत म्हणजे स्वतः परवान्याचा अर्ज करणे, विकास आराखडा आणि विक्री आराखडा जोडून. टॅमरॅकच्या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी कॉफी पिणाऱ्या बायकांचे एक मंडळ आहे. त्या मंडळाने अर्ज केला. विकास आराखड्यात लिहिले होते, 'वस्तू तयार आहे.' विक्री आराखडा असा: 'पाहिजे त्याने वाइनोच्या गॅरेजात यावे. येताना काठी आणावी.' किमतीच्या रकान्यात 'कॉफी मंडळाकडून' असे होते.

या अर्जाचा मी मनापासून विचार केला. पण तो जिथून धरावा तिथून हातात येत नव्हता. मंडळ मांजरे बनवते आहे, हे खरे. पण विनापरवाना बनवते आहे, म्हणजे बेकायदा, आणि बेकायदा कृत्य पुरावा म्हणून मी वाचूच शकत नाही. समजा, डोळे झाकून वाचले, तर वस्तू लोकांपर्यंत पोचतेच आहे असे सिद्ध होते. मग परवान्याची कुणालाच गरज नाही, आणि ज्याची गरज नाही त्यासाठी केलेला मंडळाचा अर्जही गैरलागू ठरतो. या दोन्ही कारणांसाठी अर्ज फेटाळला. तिसरे कारण सर्वांत गंभीर होते. ते सांगायला मी स्वतः आयलीबाईंना फोन केला.

"बाई, तुम्ही वस्तू फुकट देणार. शून्य विक्रीवर रॉयल्टी शून्य. म्हणजे जनतेचं नुकसान."

"जनतेला मांजर मिळतंय की हो."

"मांजर मिळतंय, रॉयल्टी बुडतेय."

"रॉयल्टी कुणाची?"

"जनतेची."

"जनतेत मी येते का, साहेब?"

"अर्थात येता!"

"मग माझं जेवढं बुडेल तेवढं मला चालेल."

"तुम्हाला चालेल, बाई. जनतेला चालणार नाही."

मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला फोनचा खर्च पडतोय, ठेवते." मी हे संभाषण 'शंकानिरसन झाले' या सदरात टाकले.

नॉर्थस्टेडला परवाना मिळाला. कंपनीची पहिली विनंती रास्त होती: गावात फुकट फिरणारी मांजरे गोळा करावीत, कारण त्यांच्याकडे पाहून गुंतवणूकदारांचा उत्साह मावळतो. मांजरे सरकारची, तेव्हा ती आणायला सरकारनेच जायला हवे. जानेवारीत मी टॅमरॅकला गेलो.

पोस्टासमोर भाड्याच्या गाडीतून उतरलो आणि पाठीवर पडलो. माझे बूट वॉशिंग्टनचे होते. उठायचा प्रयत्न केला की मी थोडा आणखी खाली घरंगळत होतो. आजूबाजूला चिटपाखरू नव्हते. तेवढ्यात पांढऱ्या लोकरी टोपीतली एक ठेंगणी बाई काठी टेकत, भर उतारावरून, अंगणातून चालल्यासारखी माझ्याकडे आली. काठीच्या टोकाशी करकर असा बारीक आवाज होत होता.

"हात द्या," ती म्हणाली. "इकडे नाही, काठीला धरा. ती हलायची नाही."

काठी खरेच हलली नाही. मी उभा राहिलो आणि माझी ओळख सांगितली.

"हो का! मी आयली. फोनवर बोललो होतो आपण." त्यांनी माझ्या कोटावरचा बर्फ झटकला. "लागलं नाही ना फार?"

"बाई, मला सांगायला खेद होतो, पण तुम्ही आत्ता या आधारपादाचा जो वापर केलात, तो नॉर्थस्टेडच्या हक्काचा भंग आहे."

"पुन्हा झोपवू का तुम्हाला?" मागून आवाज आला. वाइनो गॅरेजच्या दारात उभा होता. "थांब, आयली. मी ते करारपत्र वाचलंय सगळं. साहेब, सरकारनं स्वतःसाठी एक हक्क राखून ठेवलाय ना? सरकारच्या कामासाठी ही वस्तू वापरली तर कंपनीला बोलता येत नाही?"

"बरोबर. असं कलम आहे."

"तुम्ही सरकार ना?"

"अं... कामकाजाच्या वेळेत, हो."

"मग आत्ता आयलीनं सरकार उचललं. सरकारी कामच झालं की हे!"

कलम खणखणीत होते. मी प्रामाणिक अधिकारी आहे. कलम माझ्या विरुद्ध गेले तरी ते कलमच असते. मी जाहीर केले, की मांजर लावलेल्या काठीच्या दांड्याला जोवर एक सरकारी अधिकारी धरून चालत असेल, तोवर तो वापर कायदेशीर आहे. त्याच संध्याकाळी तळ्यावरून वादळ आले आणि विमानतळ आठवडाभर बंद पडला.

त्या आठवड्यात देशात माझ्याइतका राबलेला सरकारी अधिकारी दुसरा नसेल. सकाळी मी एका म्हाताऱ्याला टपाल आणायला नेत असे आणि येताना त्याच काठीवर दुसऱ्याला वाण्याकडे. रविवारी चर्चला जाताना माझ्या मागे रांग होती. मी उतारावरून सहा फेऱ्या केल्या आणि प्रवचन दारातूनच ऐकले. शनिवारी पुरुषांनी मला सौनात, म्हणजे त्यांच्या वाफेच्या न्हाणीघरात, नेले. तिथे घामाघूम बसलेल्या एका आजोबांनी, "साहेब, अंगावर कपडे नसताना तुम्ही सरकार असता का?" असा प्रश्न विचारला. मी तो विधी खात्याकडे पाठवला आहे. जेवायला लोकांनी मला मांस-बटाट्याचे कानवले खाऊ घातले आणि कुणीही आभार मानले नाहीत. एकाने फक्त "वाईट चालत नाही हा," असे वाइनोला सांगितले. ते ऐकून मी दिवसभर खुशीत होतो.

आणि रोज दुपारी आयलीबाई. माझ्या एका हातात पावाची पुरचुंडी, दुसरा हात त्यांच्या काठीवर. पहिल्या दिवशी आम्ही वळण घेतले तेव्हा शुश्रूषागृहाच्या खिडकीत एक थोराड म्हातारा बसलेला दिसला. बायको दिसताच त्याने काचेवर एक बोट टेकवले. आत गेल्यावर बाईंनी पाव कुस्करला, कॉफीत बुडवला आणि भरवला. तो सावकाश चावत होता आणि नजर तिच्यावरून हलत नव्हती. ती त्याला रस्त्यावरच्या बर्फाच्या गोष्टी सांगत होती, कुणाच्या छपरावर किती साचला, बर्फ लोटणारी गाडी कुठे अडकली. मधेच म्हणाली, "हे साहेब. सरकारकडून आलेत. मला धरून आणतात." त्याने माझ्याकडे पाहिले आणि तेच एक बोट उचलले. मी खिडकीकडे तोंड करून हवेची पाहणी करत असल्यासारखे उभा राहिलो.

विमानतळ उघडल्याची बातमी आली त्या दिवशी परतताना बाई चढावर मधेच थांबल्या.

"साहेब, तुम्ही गेल्यावर माझं काय?"

मी बुटांवरचा बर्फ झटकू लागलो.

"मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. वडिलांकडेपण नाही. आज मागते." त्यांनी काठी बर्फात घट्ट रोवली. "बाकीच्यांची न्या. हे एक एवढा हिवाळा राहू द्या. तो माझ्याशिवाय खात नाही हो."

ज्या गावात मागण्यापेक्षा पडणे बरे समजतात, तिथे भर रस्त्यात एक म्हातारी माझ्याकडे मागत होती. मला हे टोचले नाही असे कुणी समजू नये. त्याच दिवशी मी मोटेलमधून वर कळवले. जनतेची गरज भागत नसेल तर दिलेला परवाना मोडून काढण्याचा हक्क सरकारला आहे. हा हक्क कायद्यात फार जुना आहे आणि तो आजवर एकदाही वापरलेला नाही. आमच्या विभागात तो चांगल्या काचसामानासारखा जपला जातो: वापरला की तडा जाण्याची भीती. वरून उत्तर आले, की आधी कंपनीला विचारा. कंपनीला विचारले. ब्रिन्ली स्ट्राउड यांनी कळवले, की एका व्यक्तीला सवलत दिली तर परवाना अनन्य राहत नाही, आणि टॅमरॅकच्या गरजेकडे कंपनीचे जातीने लक्ष आहे.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात मी टेबलावर पुठ्ठ्याचे खोके ठेवले. लोक एकेक करून आले, काठी उलटी केली, मांजर पिळून काढले आणि खोक्यात टाकले. कुणी आवाज चढवला नाही. वाइनोने गॅरेजातली सगळी आणून ओतली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. आयलीबाई शेवटी आल्या. त्यांनी मांजर काढले, हातरुमालाने पुसले, खोक्यात नीट उभे ठेवले. मग मला जाताना खायला म्हणून पावाची एक पुरचुंडी दिली.

एप्रिलमध्ये नॉर्थस्टेडचा पहिला वार्षिक अहवाल आला. वस्तूचे उत्पादन अद्याप विचाराधीन होते, पण परिणाम दिसू लागले होते. परवान्यापूर्वी टॅमरॅकमध्ये दर हिवाळ्यात काही वृद्ध घराबाहेर बर्फावर घसरून जखमी होत. परवान्यानंतरच्या हिवाळ्यात एकही नाही. घराबाहेर एकही वृद्ध आला नव्हता, हे अहवालात दुसऱ्या परिच्छेदात दिले होते. कंपनीने काही लपवले नाही. मी आकडे तपासले, ते बरोबर होते. शोध जनतेपर्यंत यशस्वीपणे पोचवल्याबद्दल आमच्या कार्यालयाला त्या वर्षीचे मानपत्र मिळाले. समारंभात ब्रिन्ली स्ट्राउड माझ्या शेजारी उभ्या होत्या. फोटो चांगला आला आहे.

फोटो छापून आला त्या आठवड्यात वाइनोचा फोन आला. रेइनो मार्चमध्ये गेल्याचे त्याने सांगितले. शेवटपर्यंत तीनला त्याला खिडकीशी बसवत होते. नर्सबाईंनी पाव भरवून पाहिला, तो तोंड मिटून घ्यायचा. आधी शेजाऱ्यांनी आयलीला गाडीतून नेले चार-दोनदा, पण मग तीच नको म्हणायला लागली, लोकांची कामे खोळंबतात म्हणून. एकदा काठी घेऊन तशीच निघाली, तर फाटकापाशीच खुबा मोडला. अंगणातच पडली, त्यामुळे ते घसरणे घराबाहेरचे धरले गेले नसावे. प्रेतयात्रेच्या दिवशी चर्चवाल्यांनी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून, मोटारीने टेकडी उतरवली. त्या दिवशी तिने नको म्हटले नाही.

"साहेब, तुमच्याशी भांडायला फोन नाही केला," वाइनो म्हणाला. "आयली विचारत होती. तिचं मांजर नेलं ते नेमकं कुणी? तुम्ही की कंपनीनं? तिला एकदा कळून घ्यायचंय."

मी फाईल पाहून सांगतो म्हणालो. मला उत्तर पाठ होते, पण अशा बाबतीत खात्री केलेली बरी. कंपनीने नेले असे म्हणता येत नाही. कंपनी केवळ परवानाधारक आहे. मी नेले असेही म्हणता येत नाही; मी पगारी नोकर आहे, ज्याची वस्तू त्याने सांगितले तसे करणारा. मालकाचे नाव पेटंटाच्या पहिल्याच पानावर आहे: सरकार, जनतेच्या वतीने.

जनतेला, म्हणजे तुम्हाला, मी विचारले होते. मधमाश्यांच्या खाली आणि पुलाच्या वर, स्वच्छ अक्षरात, फुकट. टॅमरॅकच्या म्हाताऱ्यांनी निदान पत्रे तरी लिहिली. तुमच्याकडून एक ओळ आली नाही, आणि मालक गप्प राहिला तर त्याची संमती धरायची, असा नियम आहे. म्हणून मी वाइनोला फोन करून तुमचे नाव सांगितले. म्हातारीचे मांजर तुम्ही नेलेत. मी फक्त खोके उचलले.